बर्फातलं वाळवण

डाव्या कुशीवर झोपायचं असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणून हर्षाली डाव्या कुशीवर पडलीय, आणि डाव्या अंगाला डीप फ्रीझर आहे. दुपार कलायला लागलीय. पडदा ओढलाय तरी खालच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत शिरलीय आणि फरशीवरून सरपटत फ्रीझरच्या पायाशी येऊन थांबलीय. फ्रीझर घुरघुरतो, थोडा वेळ गप्प बसतो, पुन्हा घुरघुरतो. तो गप्प बसला की हर्षाली डोळे उघडते. लाइट तर गेली नाही ना? घुरघुर सुरू झाली की पापण्या पुन्हा जड होतात.

पुण्याच्या या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात जागा नव्हती म्हणून तो इथे आला, बेडरूममध्ये, पाळण्याच्या जागी. पाळणा अजून आणायचा नाहीये. झबली आणायची नाहीत, दुपटी शिवायची नाहीत. बाळ घरात येण्याआधी बाळाचं काहीही घरात येऊ द्यायचं नाही, ही माहेरची रीत आणि सासरचीही. त्यात जुळी आहेत कळल्यापासून सगळे दुप्पट जपून बोलतात. मग बाईनं हातांना काम काय द्यायचं? खाण्यावर कुणी बंदी घातली नव्हती. तेव्हा हर्षालीनं रांधायला आणि गोठवायला घेतलं. मुगाची खिचडी, दुधीची भाजी, शेपू घातलेली डाळ, मध्ये कागद घालून रचलेले मेथीचे पराठे. हाताला लागेल ते. बाळंतिणीसाठी तिनं एकटीनंच सगळी बेगमी केली, आणि बाळंतीणही तीच. चेतन, तिचा नवरा, रोज झाकण उघडून बघतो आणि विचारतो, "दोन बाळं येणारेत की वऱ्हाड?"

ती हसते. हसल्यासारखं करते.

परवा चोपड्याहून सासूबाईंचा फोन आला होता. त्यांना ती मम्मी म्हणते. त्या म्हणाल्या, "पहिलं बाळंतपण माहेरचं. त्यात मी आपणहून शिरणार नाही. चेतननं बोलावलं तर येणार नाही, सांगून ठेवते. तू बोलावलंस तर येते." हर्षाली "बघते" म्हणाली. माहेर म्हणजे आता भुसावळला एकटे बाबा, आणि त्यांना चहासुद्धा उतू जाऊ न देता करता येत नाही. आईला जाऊन दोन वर्षं झाली. आईची जागा रिकामी आहे, आणि ती रिकामी दिसतेय तोवर ती आईची आहे, असं काहीतरी हर्षालीच्या मनानं धरलंय. तिथे मम्मी येऊन बसल्या, ताट घेऊन आल्या, की झालं. त्यापेक्षा फ्रीझर बरा. त्याला कुणाची जागा घ्यायची नसते.

पण रात्रीबेरात्री दोन बाळं एकदम रडली तर? एकाला पाजताना दुसरं निळं पडलं तर? ते "बघते" घशात अडकलंय आणि उतरत नाहीये.

फ्रीझर गप्प होतो. या वेळी ती डोळे उघडत नाही.

झाकण उचलल्याचा आवाज येतो, रबर सुटल्याचा.

"केवढं हे! काय भरून राहिली गं तू?"

आई कोपरापर्यंत हात आत घालून उभी आहे. पदर खोचलेला, बांगड्या मागे सारलेल्या. गार वाफ तिच्या गळ्यापर्यंत येतेय. हर्षालीला नवल वाटत नाही. तिला एवढंच वाटतं, की आधी उठायला हवं, आणि पोट इतकं मोठं आहे की पटकन उठता येत नाही.

"आई, थांब. जाऊ नको, मी उठते."

"पडून राहा. मी काय पाहुणी आहे?"

आई एकेक डबा वर काढते, चष्म्याशिवाय बघते, बाजूला ठेवते. पराठ्यांना मान डोलावते. दुधीला काही म्हणत नाही. मग एक छोटा डबा उघडते आणि तिच्या भुवया वर जातात.

"डिंकाचे लाडू? बर्फात?"

"खराब होतील म्हणून."

आई एक लाडू फ्रीझरच्या कडेवर आपटते. टक्क. लाडवाला काही होत नाही.

"बाळंतिणीनं खायचेत, की शेजाऱ्यांच्या काचा फोडायच्यात?"

हर्षालीला हसू फुटतं. पोट गदगदा हलतं, आतली दोघं दचकतात, एकानं पाय मारलेला कळतो. इतकं हसून किती दिवस झाले ते तिला आठवत नाही. आईही हसतेय, तोंडावर पदर घेऊन, आवाज न करता.

"चल, जरा ऊन दाखवू," आई म्हणते आणि डब्यांची चळत उचलून फ्रीझरच्या मागे जाते. तिथे भिंत असायला हवी होती. तिथे जिना आहे, भुसावळच्या रेल्वे क्वार्टरचा, कठड्याला हिरवा रंग दिलेला. हर्षाली चढते. पोट घेऊन चढते, पण दम लागत नाही.

वर गच्ची, मे महिन्यातली. पावलं भाजतात. दोन खाटा आडव्या टाकल्यात, त्यांवर आईची जुनी साडी ताणून चार कोपऱ्यांना दगड ठेवलेत. कुरडया आणि ज्वारीच्या बिबड्या वाळत घालायची ती साडी. आईनं तिच्यावर खिचडीच्या गोठलेल्या वड्या ओळीनं मांडल्यात, डाळीच्या मांडल्यात, साराच्या तांबड्या लाद्या मांडल्यात. डोक्यावर ऊन रणरणतंय आणि बर्फ वितळत नाहीये. आई वाकून एकेक वडी उलटी करते. वाळवण उलटायची तशी, बोटांच्या टोकांनी.

"आम्ही उन्हात ठेवायचो, तू बर्फात ठेवतेस," ती म्हणते. "सारखंच आहे. करणारीला वाटतं, पुढचं सगळं आपल्या हातात आलं."

खालून स्टेशनवरची सूचना ऐकू येते. कुठली गाडी ते कळत नाही, उशिरा येतेय एवढंच कळतं.

हर्षाली टाकीच्या सावलीत बसते. आईला सांगायची एक गोष्ट कधीपासून राहून गेलीय. सोनोग्राफीच्या खोलीतून बाहेर आल्यावर तिनं सगळ्यात आधी आईला फोन लावायला नंबर काढला होता, आणि मग तो तसाच बघत बाकावर बसून राहिली होती.

"आई, दोन आहेत."

आईचा हात वडीवर थांबतो.

"दोन?"

"हो."

"अगं माय." आई खाली बसते, उन्हातच. बराच वेळ ती हर्षालीच्या पोटाकडे बघते. हात पुढे करत नाही. मग उगाचच पदराला हात पुसते. "मग तुला भूकही दोघांची लागणार. हे वाढणार कोण?"

"कोण म्हणजे? गरम करून घेईन. मायक्रोवेव्ह आहे."

"तो ताट घेऊन येतो उशाशी?"

"आई."

"तो म्हणतो, अजून अर्धी घे, तूप कमी पडलं वाटतं?"

"तू ये मग."

आई उठते. ती खाटेवरची साडी झटकते, आणि साडीखाली कुणीतरी निजलंय. गच्ची राहिली नाही. क्वार्टरमधली आतली खोली आहे, खिडकीला कांबळं लावलेलं, खाटेखाली शेगडी, ओवा आणि शेपांची धुरी. खाटेवर एक पोरसवदा बाई भिंतीकडे तोंड करून पडलीय. केस ओले, कानांत कापूस. कुशीत फडक्यात गुंडाळलेलं एक लहानसं काहीतरी. आई तर हर्षालीच्या शेजारी उभी आहे, आणि खाटेवरही आईच आहे.

दारातून एक म्हातारी ताट घेऊन येते. ताटात बाजरीची भाकरी, वर तुपाचा गोळा.

"ही तर बाबांची आई," हर्षाली म्हणते. तिला ही आजी आठवते ती आईशी मिठावरून भांडणारी, दळणावरून भांडणारी, मग दोन-दोन दिवस अबोला धरणारी. "तुझी आई कुठेय?"

"माझी आई मी चौथीत होते तेव्हा गेली. तुला माहीत आहे."

माहीत होतं. भुसावळनंतर जळगाव लागतं हे जसं माहीत असतं तसं. चौथीतली ती मुलगी पुढे बाळंत झाली तेव्हा तिच्या उशाशी कोण होतं, हे हर्षालीनं कधी विचारलंच नव्हतं.

"ताट आलं की मी अशी तोंड फिरवून घ्यायचे," आई खाटेकडे बोट करते. "वाटायचं, ही मला जेवू घालतेय, म्हणजे माझी आई खरंच मेली."

 हर्षाली खाटेवरच्या पाठीकडे बघत राहते. किती बारीक पाठ आहे.

"मग?"

"मग काय. तुला पाजलं की अशी भूक लागायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. वळायचे आणि जेवायचे. तुझी आजी बसून राहायची समोर, सगळी भाकर संपेपर्यंत. बोलायची नाही काही. मीही नाही."

"आणि आईची आठवण?"

"ती जेवतानाही यायचीच की. आठवण काय ताटात जागा अडवून बसते?" आई थोडी थांबते. "अजून येते."

"अजून? तिकडे... भेटत नाही ती तुला?"

आई खाली वाकून शेगडीतला निखारा उगाच सारखा करते. हर्षालीला वाटतं, आपण हे विचारायला नको होतं.

निखाऱ्यावर छोटी कढई आहे. तिळाच्या तेलात लसणाच्या दोन पाकळ्या आणि चिमूटभर ओवा तडतडतोय. आई पाटावर बसलीय आणि हर्षाली तिच्या पुढ्यात जमिनीवर, दोन गुडघ्यांच्या मध्ये, शाळेत असताना बसायची तशी. फरशी मात्र पुण्याच्या फ्लॅटची आहे, गुळगुळीत आणि गार.

"आई, दोघांच्या टाळू कोण भरणार?"

"तू भर."

"माझ्यानं नाही होणार. इतकी मऊ असते ती जागा, खाली नाडी उडताना दिसते म्हणतात. माझा हात जड आहे. मला भीती वाटते. मला सगळ्याचीच भीती वाटते गं."

"तुझ्या सासूला येतं."

हर्षाली फरशीच्या सांध्यावरून बोट फिरवत राहते.

"चेतनचं डोकं बघ कसं गोल आहे. तिच्याच हातचं ना? तुझं मागून जरा चपटं राहिलं, ते माझ्या हातचं." आईच्या आवाजात हसू आहे. "मी बोलले म्हणून सांगू नको पण. म्हणेल, विहीण मेली तरी सूचना देते."

"मला त्या नकोत. मला तू हवीस."

"मग मला यावंसं नाही का वाटत?"

हे इतक्या हळू येतं, की हर्षालीला आधी वाटतं, तेलच तडतडलं.

"ये ना गं," ती म्हणते. "काही करू नको. रांधू नको, न्हाऊ घालू नको. नुसती खुर्चीत बस. मी तुला दाखवीन दोघांना, एकेकाला. आणि मग जा हवं तर."

आई तिच्या केसांचा भांग बोटानं मोकळा करते. मग टाळूवर कोमट तेल पडतं, पहिल्यांदा थेंबभर, मग ओंजळभर. त्यावर आईचा तळवा. थाप, थाप, थाप. प्रत्येक थापेबरोबर तेल आत उतरतं, कपाळाच्या मागे, मानेत, खांद्यांत. घशात अडकलेलं काहीतरी सैल होतं.

"बाळंतिणीचीही टाळू भरतात," आई म्हणते. "आज भरते. त्या दिवशी मला यायला जमायचं नाही."

"आई, मागे वळून बघू?"

"तेल सांडेल."

तिला कळतं. म्हणून ती वळत नाही. मान ताठ ठेवते आणि डोळे मिटून त्या थापा न मोजता, न थांबवता नुसत्या अंगावर घेत राहते. खाली कुठेतरी ती उशीर झालेली गाडी आत शिरतेय. पायाखालची फरशी थरथरते. तळवा हलका होतो, अजून हलका होतो, मग नुसती ऊब उरते.

फ्रीझर घुरघुरतोय.

हर्षाली डाव्या कुशीवरच आहे. उन्हाची पट्टी भिंतीवर चढलीय. तोंड कोरडं पडलंय, आणि पोटात एकाला उचकी लागलीय, बारीक, एकसारखी. बेडरूमच्या उघड्या दारातून समोरचा दरवाजा दिसतो, त्याची कडी आतून लागलेली. चेतनला यायला अवकाश आहे.

ती हाताच्या आधारानं सावकाश उठून बसते, आणि काहीतरी घरंगळतंय असं वाटून उजवा हात डोक्याला लावते. बोटं बुडतात. टाळू तेलानं थबथबलीय. ती हात नाकाशी नेते. तीळ, ओवा, जळत आलेला लसूण. या घरात तिळाचं तेल कधी आलेलं नाही.

फ्रीझर दोन मिनिटं थांबला तरी डोळे उघडून बघणारी ही बाई. आता मात्र ती ना स्वयंपाकघरात जाऊन बघत, ना आरशात. मान न हलवता ती डाव्या हातानं उशीखालचा फोन चाचपते, अंगठ्यानं नाव शोधते.

"मम्मी, मी हर्षाली."

"बोल. बरी आहेस ना? आवाज असा का?"

"तुम्ही कधी येता?"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज होतो.

"चेतन म्हणाला का?"

"नाही. मी म्हणतेय. मी बोलावतेय तुम्हाला."

 मग मम्मी घसा साफ करतात आणि एकदम घाईघाईनं विचारू लागतात, बाजरी तिकडे चांगली मिळते का, की इकडून दळून आणू, तूप किती आणू, शेगडी आहे का घरात, त्या बिल्डिंगमध्ये धुरी चालेल ना. हर्षाली एकेकाला "हो" म्हणते, "आणा" म्हणते. तिचे डोळे वाहतायत आणि ती ते पुसत नाही. तिला मान खाली घालता येत नाही, म्हणून ती ताठ बसूनच बोलते. तेलाचा एक ओघळ कानामागून निघतो, मानेवर थांबतो, गाऊनच्या गळ्यात उतरतो. अजून कोमट आहे.