दातांचा पंप

आमच्या ह्यांच्या दाढेत सुपारी अडकायची. नागावात घरची वाडी, सुपारीला तोटा नाही, आणि खांड तोंडात टाकल्याशिवाय ह्यांचं पान हलायचं नाही. शेवटी अलिबागच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दातांच्या फटीत पाण्याची धार मारणारा वॉटर फ्लॉसर घ्यायला लावला. ह्यांनी त्याचं नाव ठेवलं दातांचा पंप. सकाळी वाडीत पाणी सोडायचा पंप सुरू केला की मागच्या पडवीतल्या बेसिनवर हा दुसरा. टाकीत कोमट पाणी, मान खाली, नळी तोंडात, आणि घर्रर्र.

मला म्हणायचे, "अगं, तूही कर. तुझ्या दाढा किडल्यात."

एकदा केलं. मेलं ते यंत्र तोंडात धरायच्या आधीच मी चालू केलं. चिळकांडी आरशावर, भिंतीवर, माझ्या डोळ्यांत. हे दारात उभे राहून पोट धरून हसले. मी म्हटलं, चुलीत घाला तुमचा पंप. पुन्हा हात लावला नाही. त्यांनीही सांगायचं सोडलं नाही. रोज सकाळी दारात उभं राहून तीच भुणभुण.

गेल्या पावसाळ्यानंतर हे गेले. छातीत कळ आली आणि संपलं.

दहाव्याला बायका सहसा जात नाहीत. मी हट्टाने गेले. समुद्रकाठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. सुरूच्या झाडांवर कावळे ढिगाने बसलेले, खाली उतरायचं नाव नाही. मुलगा म्हणाला, वाडी विकणार नाही. दीर म्हणाले, वहिनींना अंतर देणार नाही. ऊन डोक्यावर आलं. भटजी म्हणाले, आता दर्भाचाच कावळा करू. मला काय सुचलं कोण जाणे, पुढे होऊन हात जोडले.

"अहो, दातांचा पंप वापरीन. रोज वापरीन."

कावळा उतरला आणि पिंडाला चोच मारली. लोक रडतारडता हसले. मला हसू आलं नाही, अंगावर काटा आला. म्हणजे हे ऐकत होते.

तेव्हापासून वाडीतला पंप सुरू झाला की पडवीतून घर्रर्र ऐकू येतं. जाऊन बघावं तर बेसिन कोरडं, यंत्र बंद. पण दारात कुणीतरी उभं असतं. भीती वाटते, खोटं कशाला बोलू.

परवा सुनेने स्वतः टाकी भरून दिली. म्हणाली, "आई, शब्द दिलाय तुम्ही. वापरला नाहीत तर बाबांचा जीव इथेच घुटमळत राहील."

मी नळी तोंडात धरली. बोट बटणावर ठेवलं. पाठीमागे दारात हे उभे होते, मला वळून बघायची गरज नव्हती. मग मनात आलं, एकदा हे बटण दाबलं की ह्यांना इथे उभं राहायला कारण काय उरलं?

टाकीतलं पाणी मी जास्वंदीला ओतलं.

दाढ ठणकते. लवंग धरते, आणि सकाळ झाली की पडवीत जाऊन भुणभुणीची वाट बघते.