चित्र कोणी काढलं?

पोलीस सेवेत मी फार वर्षं नव्हते; ती का सोडली, ते इथे लिहिणार नाही. पण नागपुरातला एक तपास अजून मनातून गेलेला नाही, आणि तो एका साध्या क्रियापदामुळे.

मी तेव्हा उपनिरीक्षक होते. शहरातल्या एका छोट्या कलासंग्रहालयाने गळक्या छपराच्या दुरुस्तीसाठी निधी जमवायला प्रदर्शन भरवलं होतं. संध्याकाळी पाहुण्यांसमोर चित्रांचा लिलाव होता. सकाळी संग्रहालयाच्या सचिवांचा ठाण्यात फोन आला: एक चित्र भिंतीवर नाही. स्टेशन डायरीत नोंद करून हवालदारांसोबत मी पोहोचले. भिंतीवर रिकामा खिळा होता. खाली भातलावणीच्या त्या चित्राचं कार्ड: ‘धानाची रोवणी. चित्रकार अज्ञात.’

पंचनामा चालू असताना पहारेकऱ्याने मला बाजूला घेतलं. “मॅडम, झाडू-पोछावाली बाई काल फोनवर बोलून राहिली होती. ‘ते चित्र मीनंच काढलं’ म्हणे. ह्या कानानं ऐकलं.”

सचिवांपर्यंत ते पोहोचायला वेळ लागला नाही. “आत्ताच गुन्हा दाखल करा. उद्यापासून ती कामावर नको.”

बाई कुही गावाकडची, पन्नाशीची, कित्येक वर्षं इथली सफाई करणारी. आम्ही तिला कार्यालयात बोलावलं. ज्याच्या मनात काही असतं तो बहुतेक वेळा दाराकडे पाहतो, एवढं मी शिकले होते. ही मात्र उघड्या दारातून त्या रिकाम्या खिळ्याकडे पाहत होती, कुणाची तरी वाट पाहावी तशी. मला नवल वाटलं. मी बोलायला बुजते, म्हणून प्रश्न हवालदारच विचारत.

“काहून वं बाई, चित्र कोणी काढलं?”

“मीनंच काढलं जी.”

“घ्या मॅडम, कबूल!” हवालदारांनी लिहायला सुरुवातही केली: चित्र मीच काढले.

माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालेलं. मराठी जबाब मनात आधी इंग्रजीत उतरवायची सवय होती. ठाण्यात हसतील म्हणून ती लपवत असे. ‘काढले’पाशी मी अडले. भिंतीवरून काढलं, की कागदावर काढलं? इंग्रजीत दोन वेगळे शब्द लागतात, आणि कोणता घ्यावा ते मला कळेना.

“थांबा,” मी म्हटलं. “मावशी, कशाने काढलं?”

“ब्रशनं जी. निळा रंग सरला, तं पाण्याले कपड्याची नीळ लावली.”

हवालदार हसले. “ब्रशनं खिळ्यावरून चित्र निघते काय वं?”

“खिळ्यावरून मी कायले काढू? मी कागदावर काढलं. टांगलं त्याईनं.”

काही वर्षांपूर्वी लहान मुलांच्या कार्यशाळेत उरलेल्या कागदावर तिने ते रंगवलं होतं. कोणीतरी ते उचलून कोठीत ठेवलं, आणि तिथूनच संग्रहालयाने ते प्रदर्शनात लावलं. प्रदर्शनाच्या पुस्तिकेत चित्राचा फोटो होता. मी पुस्तिका पालथी ठेवून विचारलं, “रोवणीला किती बाया आहेत?”

“सात. सहा उजव्या हातानं रोवून राहिल्या, एक डाव्यानं. ते माही माय.”

मी पान उघडलं. एक बाई डावखुरी होती.

“मग भिंतीवरून कोणी नेलं?”

“मले काय मालूम? पण सकाळी झाडलं, तं खाली काचा भेटल्या. डब्यात हायेत अजून.”

आदल्या दिवशी हॉलमध्ये दिवे लावायला मंडपवाल्याचा माणूस आला होता. त्याला बोलावून विचारलं, तर पहिल्याच प्रश्नाला तो दाराकडे पाहू लागला. शिडी लागून फ्रेमची काच फुटली होती. बोलणी बसतील म्हणून त्याने चित्र कापडात गुंडाळून इतवारीतल्या फ्रेमवाल्याकडे टाकलं होतं. दुपारी हवालदार ते नव्या काचेसह घेऊन आले. गुन्हा दाखल झाला नाही.

सचिव वरमले. “बाई, इतकी वर्षं सांगितलं का नाही?”

“पुसलंच कोणी जी?”

त्यानंतर जबाबात ‘काढले’, ‘घेतले’, ‘टाकले’ असं काही आलं, की पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय मी सही केली नाही. पण जास्त लक्षात राहिलं ते वेगळंच. सकाळपासून आम्ही सगळे तिला एकच विचारत होतो, चित्र कोणी काढलं? कार्डावर ‘अज्ञात’ छापताना हाच प्रश्न कोणाला सुचला नव्हता.

संध्याकाळी नव्या कार्डावर तिचं नाव लागलं. तिचं काम राहिलं. मी कागद आवरत होते तेव्हा ती हळूच जवळ आली.

“मॅडम, हवालदार साहेबानं लिहिलेलं माहं वाक्य खोडू नका जी.”

मी ते खोडलं नाही. फक्त ‘काढले’च्या आधी ‘ब्रशने’ एवढा शब्द वाढवला, आणि खाली सही केली.