उघड्या गाडीची तुटलेली वायर

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी वसमतची ती घटना आजही मनातून जात नाही.

हळदीचे एक व्यापारी होते. त्यांच्याकडे दुमडत्या छताची जुनी, दोन माणसांची स्पोर्ट्स गाडी होती. सिद्धेश्वर धरणाच्या रस्त्यावर चढावर ती अचानक बंद पडली, मागून टेम्पो धडकला आणि त्यांचा हात मोडला. सीटमागची वायर तुटलेली सापडली. फिर्यादीत त्यांनी गाडीचं वायरिंग करणाऱ्या साठीच्या मिस्त्रींवर संशय घेतला. दोघांचं आठवड्यापूर्वी भांडण झालं होतं. त्यातच खबर आली, की अपघाताच्या आदल्या दिवशी मिस्त्री पक्कड घेऊन सीटमागे वाकलेले दिसले होते. मी पंचनाम्यात ‘वायर कापलेली’ असं लिहून मोकळा झालो.

मिस्त्रींना ठाण्यात आणून सकाळभर विचारपूस केली.

“पक्कड होती का हातात?”

“व्हय साहेब, होती. तिसऱ्यांदा दुरुस्त करत होतो मी ती गाडी. दुकानात बराबर चालते, रस्त्यावर गेली की बंद. फाल्ट सापडूनच नाही राहिला. त्यावरूनच शेठ बोलले. पण वायर काहून कापीन मी?”

अटकेचे कागद तयार होत होते. जबाब लिहून घेणाऱ्या आमच्या महिला हवालदार मध्येच थांबल्या. “चाचा, दुकानात गाडीचं छत लावलेलं असायचं का उघडं?”

“लावलेलं. धूळ लई येते.” मग मिस्त्री हळूच म्हणाले, “शेठ तर कायम उघडंच ठेवून चालवतात.”

मी कागद बाजूला ठेवले. मोटार वाहन निरीक्षकांना बोलावून पंचांसमोर, मिस्त्रींच्याही देखत, गाडी तपासली. वायरीचं टोक कापल्यासारखं चपटं नव्हतं. तांबं वितळून त्याची गोळी झाली होती. निरीक्षकांनी वायर तात्पुरती जोडून टेस्ट लॅम्प लावला. दिवा लागला. छत मागे दुमडलं, तसा त्याचा लोखंडी सांधा झिजून उघड्या पडलेल्या वायरीवर बसला. ठिणगी उडाली आणि दिवा विझला.

व्यापारी मोडलेला हात गळ्यातल्या झोळीत अडकवून तिथेच उभे होते. “चाचा, चुकलं माझं,” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

मिस्त्रींना घरी सोडायची व्यवस्था करायला सांगितलं, तेव्हा ते मला म्हणाले, “साहेब, सकाळी साऱ्या गल्लीनं मला पोलिसांच्या जीपमध्ये बसताना पाहिलं. आता तुमी सोबत चला. उतरतानाबी पाहू द्या त्यांना.”

मी गेलो. त्यांच्या गल्लीतल्या दुकानासमोर, गर्दीच्या देखत, मिस्त्री निर्दोष असल्याचं मोठ्याने सांगितलं आणि त्यांच्या बाकड्यावर बसून चहा घेतला. निघताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. एका शब्दाने त्यांनी मला दोष दिला नाही.

पंचनाम्यात दिसलं तेवढंच लिहायचं, हे मी प्रशिक्षणात शिकलो होतो; कळलं मात्र त्या दिवशी. हवालदारबाईंच्या नावाची बक्षिसासाठी शिफारस केली, पण ते त्यांच्या कामाचं कौतुक झालं. माझ्या हातून एका निरपराध माणसाची अटक होता होता त्यांनी टाळली, त्याबद्दल मी त्यांचे आभार कधी मानलेच नाहीत. ते आज इथे मानतो.