खिशाखालचा निळा

आमच्या शिवणवर्गात काल जुन्या कपड्यांच्या पिशव्या शिवायच्या होत्या. माझ्या शेजारी बसणारे सावंतकाका आपल्या विटक्या शर्टाचा खिसा उसवत होते. खिसा निघाला आणि खाली गडद निळा चौकोन दिसला, दुकानातून आणल्यासारखा कोरा.

"हिने हाच रंग निवडला होता," काका म्हणाले. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली.

मी बघतच राहिले. उन्हाने, साबणाने सगळा शर्ट विटवला. पण जिथे रोज चष्मा आणि पेन असायचं, त्याच्यामागे एवढंसं आभाळ राहून गेलं होतं. किती वर्षं ते छातीशीच होतं, आणि काकांना ठाऊक नव्हतं.

"कापायचा ना, काका?" बाईंनी कात्री पुढे केली.

काकांनी सुईत दोरा ओवला आणि खिसा पुन्हा तिथेच शिवायला घेतला.