हिरोचं पोट

अकोल्याच्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्यानं आमच्या वऱ्हाडी बोलीत सुपरहिरोचे सिनेमे काढले. मोबाईलवर पाहायचे, पाऊण-पाऊण तासाचे, चार भाग. चारही भागांत मुखवटा घालून भिंतीवरून, टाकीवरून, झाडावरून उड्या मारणारा माणूस मी आहे. मी अमरावतीत मल्लखांब शिकवतो. हे आजवर कुणाला धड सांगितलं नाही, कारण सांगायला लागलो की माझं डोकं फिरतं.

मुखवटा निघाला की चेहरा मात्र दुसऱ्याचा. पहिला हिरो आमच्या अमरावतीचाच, दिसायला देखणा, बोलायला गोड. दोन भाग चालले, पोट्टे त्याच्यापायी वेडे झाले, आणि तिसऱ्याच्या वेळेस हा गडी मुंबईला कुठल्याशा मालिकेत हिरॉइनच्या भावाचं काम करायला पळाला. चारही भाग करीन असं हात जोडून कबूल केलं होतं त्यानं. मग त्याच्या जागी पुण्याचा एक आणला. त्याला मे महिन्यात अकोल्याचं ऊन लागलं. एक भाग कसाबसा उरकला आणि गेला तो गेलाच. लोकांनी व्हिडिओखाली लिहून लिहून त्याची पार धुलाई केली. "पयलेवाला पाह्यजे, याच्या उडीत दम नाई." अरे बाबांनो, उडी माझी होती. याचीही आणि त्याचीही, दोघांची माझीच होती.

तेव्हा मी त्या शूटिंगवाल्याला, म्हणजे आमच्या डायरेक्टरला म्हटलं, "भाऊ, आता कोनाले शोधून राह्यले? एक डाव मले मुखवटा काढू द्या." माझी मागणी एवढीच. उडी मारायची, मुखवटा काढायचा, आणि लोकांनी पाहायचं की इतके दिवस हा होता. एक शॉट. त्यानं ऐकून घेतलं, चहा पाजला, चौथ्या भागात नक्की करू म्हणाला. त्या शब्दावर मी वर्षभर गोड सोडलं, तळलेलं सोडलं, रोज पहाटे खांबावर चढत राहिलो. चाळिशी उलटलेल्या गुडघ्यांनी हे करायला काय लागतं, ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

चौथ्या भागाचं शूटिंग बाळापूरला, एका जिनिंगच्या आवारात. शेडवरून खाली कापसाच्या गंजीवर उडी होती. मी पोचलो तर खुर्चीत पहिला हिरो. मालिका बंद पडली, साहेब परत आले. लोकांच्या मागणीवरून, म्हणे. आणि पोट असं सुटलेलं की ड्रेसची चेन वर सरकेना.

डायरेक्टरनं मला बाजूला घेतलं. "सर, तुमची दोघाईची बॉडी मॅच होऊन नाई राह्यली."

"मंग त्याले कमी कराले लावा."

"त्याचं एका दिवसात काय कमी होईन? तुमचंच वाढवू."

त्यानं गंजीतला कापूस उशीच्या खोळीत कोंबला आणि माझ्या पोटावर बांधायला दिला. चोर सोडून संन्याशाला सुळी. शब्द हिरोनं मोडला, खाऊन-पिऊन तो फुगला, आणि त्याचं पोट मी वाहायचं. तरी मी बांधलं. गाठ मारता मारता विचारलं, "आन् माझा शॉट?"

"कोनता शॉट, सर?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं.

माझं टाळकं सटकलं. मुखवटा चढवला, शिडीवरून शेडवर गेलो. फाटकाशी अर्धं गाव लोटलेलं, पोट्टे कंपाउंडच्या भिंतीवर. कुणी काही म्हणायच्या आत मी उडी मारली, त्या पोटासकट, अख्खी, कोलांटी घेऊन. लोकांनी टाळ्यांचा नुसता कडकडाट केला. मी कापसातून उठलो, तसाच फाटकापाशी गेलो आणि सगळ्यांसमोर मुखवटा काढला.

टाळ्या थांबल्या. पुढं उभ्या एका बुढ्यानं मला नीट न्याहाळलं आणि शेजारच्याला विचारलं, "हा कोन होय?"

"डुप्लिकेट होय. असली तिकडं खुर्चीत बसला."

"उडी मीच मारली ना," मी म्हटलं. "आता, तुमच्यासमोर."

"हाव, पाह्यली ना आमी," बुढा अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला. "पन तुमी तो नाई ना, भाऊ."

तेवढ्यात तो खुर्चीतून उठला, हात हलवत आला, आणि सगळी गर्दी त्याच्याकडे सरकली. बुढाही गेला.

डायरेक्टर आला. रागावला असता तर मी दोन द्यायच्या तयारीत होतो, पण तो रागावला नाही. "सर, कॅमेरा चालू नोयता," म्हणाला. "ऊन उतरून राह्यलं. एक डाव परत मारा."

मी मुखवटा घातला, सैल झालेली गाठ आवळली आणि शिडी चढलो. त्या दोघांनी पळ काढला म्हणून मी वर्षानुवर्षं त्यांना शिव्या घातल्या. त्या दिवशी मलाही पळता येत होतं, फाटक उघडंच होतं, एसटी स्टँड जवळ होता, आणि मी शेडवर उभा राहून खालून कॅमेरा चालू झाल्याची खूण कधी होते त्याची वाट पाहत होतो. शिव्या द्यायच्याच तर शेडवर उभ्या त्या माणसाला द्यायला पाहिजेत.