पलटणमामांचा उजवा कान

मी बी.ए. झालो तो आमच्या ढाणकीच्या पलटणमामांमुळे. बर्माच्या लढाईत त्यांच्याजवळ तोफगोळा फुटला. दोन सोबती गेले, मामांचा डावा कान गेला. परतल्यावर ते गावोगाव, तांड्यातांड्यांवर भांडणं मिटवत फिरत. कोणी तावातावाने आलं की डावा कान पुढे करत. "बोंबल यात. हा बर्मातच मेला. बोलाचं असन तं उजवीकडून ये." ओरडून दमलेली माणसं मुकाट्याने उजवीकडे येऊन बसत.

माझे वडील आणि काका असेच आले. दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून दोघांच्या कुऱ्हाडी निघाल्या होत्या, आणि मॅट्रिकनंतर वडील मला शेताच्या राखणीला बसवणार होते.

"चार बोटं मातीसाठी पोराले चौकीदार करून राह्यला काय रे?" मामांनी विचारलं.

"मातीचं नाही मामा, इज्जतीचं हाय."

"माह्या सोबत्यायलेबी इज्जतच सांगतली होती."

काका म्हणाले, "मामा, आमच्या भांडणानं तुमचा जिता कानबी मरन!"

"म्हणून तं त्याले जपून राह्यलो."

वडील हसले, उठून उजवीकडे गेले. त्या जूनमध्ये मी यवतमाळच्या कॉलेजात होतो.

पासष्टच्या लढाईच्या वेळी मी पदवी घेऊन गावी आलो होतो. बाजाराच्या दिवशी काही जण करीमचाचांचं बांगड्यांचं दुकान फोडायला निघाले. मामा पायरीवर बसले.

"सरका मामा, पाकिस्तानी हाय तो!"

"त्याच्या बांगड्या तुह्या मायच्या हातात हायेत. तिलेबी तसंच म्हणतं काय?"

"म्हातारा फितूर झाला!" हा आवाज माझ्या वर्गमित्राचा होता.

या वेळी मामांनी डावा कान पुढे केला नाही. त्यांनी मला गर्दीत पाहिलं आणि उजवा कान माझ्याकडे वळवला. शिकलेला म्हणून माझं कोणीतरी ऐकलं असतं. मी चपलांकडे पाहत राहिलो. मग त्याच मित्राने दगड मारला.

मामांच्या कपाळाचं रक्त पाहून गर्दी पांगली. दुकान वाचलं; पण आठवड्याभरात चाचा कुलूप लावून उमरखेडला गेले. मामा रोज त्या बंद दुकानाच्या पायरीवर बसतात, असं वडिलांनी कळवलं. मी तोवर नोकरीसाठी यवतमाळला परतलो होतो. तिथून लिहिलं :

"ती. मामांस सा. न. वि. वि.

त्या दिवशी तुम्ही चांगला कान माझ्याकडे केलात आणि मी गप्प राहिलो. दगड कोणी मारला, मला ठाऊक आहे. रविवारी त्याला घेऊन चाचांना आणायला उमरखेडला जातो. तो आला नाही तर एकटा जातो. चाचा मला काय वाटेल ते बोलोत, ऐकून घेईन. तुम्ही पायरीवरच थांबा. उजवीकडे जागा ठेवा."