चिंधू गायकीची पांदण

वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस गाव त्याला "अबे चिंध्या" म्हणायचं आणि दिवाळीच्या पाडव्याला "चिंधूभाऊ". एका दिवसाचा हा भाऊपणा गावानं कसा सांभाळला, तेच सांगायचं आहे. गावाचं नाव लिहीत नाही. रामाकोन्याकडून सौसरला येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी संत्र्याचे बगीचे लागतात, त्यांतलंच एक, आणि माझंच. ज्यांना झोंबायचं त्यांना नाव न लिहिताही झोंबेल.

चिंधू गावाचा गायकी. सकाळी गावभराची गुरं आखरावर, म्हणजे गावाकडेच्या मोकळ्या जागेत, गोळा करायची, रानात चारून आणायची आणि दिवस बुडायच्या आत ज्याची त्याच्या गोठ्यात पोचवायची, हे त्याचं काम. बापही तेच करायचा, आजाही तेच. गुरांची नावं त्याला पाठ. माणसं मात्र तो गुरांवरून ओळखायचा. अरविंद मास्तर म्हणजे त्याच्या लेखी "कपिलीवाले" आणि सरपंच पुंडलिकराव "मारक्या गोऱ्ह्याचे मालक". त्यानं चारलेल्या गायीचं दूध गावभर जाई, त्याच्या घरी ताक येई. तेही त्याची बायको कलाबाई भांडं घेऊन ओसरीच्या खाली उभी राहिली तर.

पण पाडव्याला सगळं उलटं. मारुतीच्या देवळापुढं शेणाचा डोंगर करायचा, त्यावर झेंडूची फुलं खोचायची. हे गोधन. रंगवलेल्या शिंगांची गुरं रानातून थेट देवळाकडे धावत येतात आणि त्यावरून जातात. मग खुरांखालचं ते शेण लक्ष्मी म्हणून जो तो कपाळाला लावतो, चिमूटभर धान्याच्या कोठीत टाकतो. आदल्या दिवशी तेच शेण चिंधूच्या पायाला लागून ओसरीवर आलं असतं तर ओसरी धुवावी लागली असती. धर्म बारीक असतो, सगळ्यांना दिसत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट गायकीच्या हातची. मोरपिसं बांधलेला उंच बांबू, त्याला ढाल म्हणतात, ती घेऊन तो पुढं उभा राहतो आणि हाळी देतो. त्याच्या हाळीशिवाय एक वासरू हलत नाही. हा नियम कोणत्या पोथीत नाही, पण गुरांना माहीत आहे.

आता पांदणीचं. आखरावरून रानात जायला जुनी पांदण होती, दोन बैलबंड्या शेजारून जातील एवढी. पटवाऱ्याच्या नकाशात आजही आहे. पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात पुंडलिकरावांनी बगीच्यात संत्र्याच्या दोन ओळी वाढवल्या आणि पांदणीवर काटेरी तार ओढली. मग गुरं नाल्यावरून, लांबच्या फेऱ्यानं. पावसाळ्यात त्याच नाल्यात केसरबाईची गाभण गाय घसरली, पाय मोडला, चार दिवसांनी गेली. केसरबाई विधवा, एका गायीवर घर चालवायची. चिंधू त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सरपंचाच्या दारात जाऊन उभा राहिला.

"मालक, पांदण मोकळी करा जी."

"कोणती पांदण?"

"तुमच्या बगीच्यात गेली ते."

"बगीचा जागेवरच हाय बे. पांदणच मधात घुसली." ओसरीवर बसलेले हसले. पुंडलिकराव पान चघळत म्हणाले, "दिवाळी होऊ दे, मग पाहू."

पटवारी म्हणाला, नकाशा फाटून राहिला, उघडता येत नाही. ग्रामपंचायतीत विषय निघाला. सरपंच म्हणून पुंडलिकरावांनी बगीचेवाल्या पुंडलिकरावांची चौकशी केली आणि तक्रारीत काही दम नाही असं लिहून टाकलं.

त्या वर्षी पुंडलिकरावांना मोठं सुचलं. गोधनाला तहसीलदारांना बोलवायचं. सौसरहून मांडव आला, भोंगे आले, 'गोवर्धन पूजा महोत्सव' असं हिंदीत लिहिलेला कापडी फलक आला. म्हाताऱ्या विचारत होत्या, लग्न कोणाच्या घरचं होय. अरविंद मास्तरांनी कार्यक्रमपत्रिका काढली: स्वागत, हारतुरे, सरपंचांचं मनोगत, मुख्य अतिथींचं भाषण आणि शेवटी गोधन. चिंधूचं नाव कुठंच नव्हतं. गायींचंही नव्हतं, पण त्यांना वाचता येत नाही.

साहेब वेळेवर आले. रीव्याकडचे होते, तरुण, खरोखरच कार्यक्रम पाहायला आलेले. हारतुरे झाले. मनोगत झालं, लांबलं. भाषणही झालं. गुरं नाहीत. आखर रिकामं.

पुंडलिकरावांनी मुलाला फटफटीवर पिटाळलं. मनोहर छिंदवाड्याला कॉलेजात शिकायचा, काळा चष्मा लावायचा. बगीच्याच्या टोकाला त्याला दिसलं ते असं: तारेच्या रानाकडच्या बाजूला, जुन्या पांदणीत, गावातली सगळी गुरं. शिंगं रंगवलेली, गळ्यात झेंडू. पुढं ढाल रोवलेली आणि तिच्या सावलीत नवा फेटा बांधून बसलेला चिंधू.

"अबे, काय करून राहिला इथं? साहेब थांबले ना तिकडे!"

"मी बी थांबलोच हाय, मनोहरबाबू."

"नाल्यावरून आण ना ढोरं."

"आज गोधन होय. लक्ष्मीले का चिखलातून आणू? गोधन या पांदणीतून येत असते. तुमच्या आजाच्या टायमातबी येत होतं."

"तू हो बाजूला. मी हाकतो."

"हाका ना बाप्पा. तुमचेच ढोरं हायेत."

मनोहर तार ओलांडून आत गेला. हैक हैक केलं. टाळ्या वाजवल्या. गायींनी त्याच्याकडे पाहिलं आणि रवंथ सुरू ठेवलं. घरचाच मारका गोऱ्हा तेवढा जागचा हलला, तोही मनोहरच्या दिशेनं. पँट तारेत फाडून बाबू फटफटीवर आला आणि चष्मा तिथंच राहिला.

मांडवात खलबत झालं. अरविंद मास्तर पुंडलिकरावांच्या कानाशी लागले, "ट्रॅक्टरले हार घाला न् गोधनावरून नेऊन टाका. साहेबाले काय समजते?"

मास्तरांचं कुजबुजणंही वर्गात शिकवल्यासारखं. केसरबाईनं ऐकलं. ती बायकांतून उठून उभी राहिली.

"ट्रॅक्टरनं चेंदलेलं शेण कपाळाले लावू का मी? अजी मास्तर, तुम्ही लावा डिझेलचा टिळा! कपिलीले सांगतो मी, तुहा मालक ट्रॅक्टरच्या पाया पडून राहिला म्हणून!"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. साहेबांनी विचारलं, "गायें कहाँ हैं?"

"बगीच्यापाशी अडले जी," केसरबाई म्हणाली. "तारेपलीकडे."

"तो चलिए, वहीं चलते हैं."

साहेब निघाले. मग सगळं गाव निघालं, आणि पुंडलिकरावांना सगळ्यांच्या पुढं धावावं लागलं. ते आधी पोचले. दात खाऊन म्हणाले, "चिंध्या, इज्जत घेतो का माही? उद्यापासून गायकी बंद करीन तुही."

चिंधू उठला. गायकी गेली तर खायचं काय, हे त्याला सरपंचापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी बोलला.

"उद्याचं उद्या पाहू, मालक. आज चिंधूभाऊ म्हणा जी. पाडवा हाय."

मागून येणारे खो खो हसले. तेवढ्यात साहेब पोचले. त्यांनी गुरं पाहिली, तार पाहिली, तारेखालून गेलेली बंड्यांची जुनी चाकोरी पाहिली.

"रास्ते पर ये तार किसकी है?"

केसरबाईनं तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी पुंडलिकरावांनी हात जोडले. असा माणूस उगाच सरपंच होत नाही.

"साहब, हमारी ही है. जानवरों की सुरक्षा के लिए लगाई थी. आज के शुभ मुहूर्त पर ये रास्ता हम गोमाता को अर्पण करने वाले थे. आपके सामने."

साहेब गालात हसले. "तो कीजिए."

पकड आणली गेली. पुंडलिकरावांनी स्वतःच्या हातानं स्वतःची तार कापली, चारही पदर. फोटोवाल्यानं फोटो काढला. संत्र्याची चार रोपं मधे येत होती, तीही गोमातेला अर्पण झाली. मग चिंधूनं ढाल उचलली आणि हाळी दिली. मांडवातल्या भोंग्यात जो आवाज नव्हता तो त्या वाळक्या छातीत होता. गुरं सुटली. पांदणीत धुरळा उठला, गळ्यातल्या घंटा वाजल्या आणि लोक देवळाकडे पळत सुटले.

गोधन झालं. साहेबांनीही कपाळाला शेण लावलं. मग शाल-श्रीफळ निघालं, आणि ते भूमिदानाबद्दल पुंडलिकरावांना मिळालं. जी जमीन त्यांची कधी नव्हती ती दान केल्याबद्दल. मास्तरांनी चिंधूला कोपर मारलं, "वाजव ना टाळ्या." त्यानं ढाल काखेत धरून वाजवल्या. नागपूरच्या पेपरात बातमी आली ती फोटोसकट. फोटोत चिंधूचा अर्धा फेटा आला.

घरी कलाबाई उखडली. "वाट सरकारची, दान त्याचं, शालबी त्याच्याच आंगावर. न् तुह्या हाती काय आलं?"

"केसरबाईनं कालवड घेतली," चिंधू म्हणाला. "उद्यापासून तेबी धाडून राहिली माह्या संगं."

महिनाभरात पुंडलिकरावांचा हात पुन्हा तारेकडे वळू लागला होता. पण बातमीनं घोळ केला. लोधीखेड्यापर्यंत सत्कार सुरू झाले, आणि मास्तरांच्या सल्ल्यानं पांदणीच्या तोंडाशी मोठी पाटी उभी राहिली: 'गोमाता मार्ग, दानशूर सरपंच श्री. पुंडलिकराव यांचेकडून.' आता त्या पाटीखाली तार ओढायची कशी? गायकी बंद करायचीही सोय उरली नाही. गोमाता मार्गावर गोमाता तर दिसली पाहिजे.

गुरं जाता येता पाटीच्या खांबाला मान घासायची. एका सकाळी चिंधूनं मला थांबवून पाटीवर काय लिहिलंय ते विचारलं. मी वाचून दाखवलं, आणि माझंच डोकं फिरलं. म्हटलं, "अरे, उखडून फेक ना हे!"

त्यानं माझ्याकडे दया आल्यासारखं पाहिलं. खांबावर काठी ठोकून पाहिली.

"सागाचं हाय का जी लाकूड?"

"सागाचंच दिसते."

"मंग टिकते," म्हणाला, आणि मागं राहिलेल्या कालवडीला हाळी देत पांदणीत शिरला.